शुक्रवारचं तळलेलं पाप

सान अँटोनियो,
मार्चचा दुसरा मंगळवार

कुकाताईला धाकट्या चेमोचा मनापासून नमस्कार, आणि एलिहियो भावोजींनाही.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? फ्रेझ्नोला म्हणे यंदा थंडी लांबली, तेव्हा सकाळचं बागेत वाकणं जरा बंद ठेव. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. आईचा रक्तदाब ताब्यात आहे, डावा हात अजून जड आहे, पण चमचा धरते आणि न आवडलेलं जेवण त्याच हाताने बाजूला सारते, म्हणजे सुधारणा आहे. माझं विचारशील तर वजन उतरलंय, झोप उडालीय आणि दुपारी चारच्या सुमाराला छातीत जळजळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या पित्त आहे. पित्त नाही, ताई, नॉर्मन आहे. आता तू म्हणशील, दर रविवारी फोन होतो तेव्हा का बोलला नाहीस. तुझा फोन आला की आई रिसीव्हर घेते आणि तुम्ही दोघी तासभर स्पॅनिशमध्ये खिदळता, मी आपला शेजारी तारेचा गुंता सोडवत उभा. शेवटी माझ्या वाट्याला 'बाकी ठीक ना?' एवढं इंग्रजी येतं. म्हणून हे पत्र.

नॉर्मन प्रुइट म्हणजे पलीकडच्या पिवळ्या घरातला. तू आली होतीस तेव्हा त्याची बायको होती, तिने तुला पीचची बरणी दिली होती. ती बिचारी गेली चार वर्षांपूर्वी. विमानतळावरून निवृत्त झालेला माणूस, संध्याकाळ खायला उठायची, म्हणून त्याने कॉलेजात स्पॅनिशच्या वर्गाला नाव घातलं. (दुसरा कुणी असता तर कुत्रं पाळलं असतं.) घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात: दारावर दार, आरशावर आरसा, फ्रीजवर फ्रीज. शिकवणाऱ्या बाई थेट स्पेनच्या, त्यामुळे त्याची जीभ दातांत अडकल्यासारखी होऊन 'स'च्या जागी 'थ' येतो, आणि आपल्या गल्लीत कुणी बोलत नाही अशा राजेशाही थाटात तो कोथिंबीर मागतो. आणि गल्ली? गल्ली त्याच्यावर फिदा! बेकरीवाल्या बाई त्याला एक गोड पाव वर देतात. तो चुकला की म्हणतात, 'अगं बाई, किती गोड बोलतो!' मी चुकलो की त्याच बाई काउंटरमागून म्हणतात, 'कपाळावर निवडुंग उगवलंय एवढं मोठं, आणि साधा पाव मागता येत नाही मेल्याला!' म्हणजे चेहरा मैलावरून मेक्सिकोचा दिसतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही. बरं, हे ऐकायला मला स्पॅनिश येतं. उलट उत्तर द्यायला येत नाही.

आणि गोऱ्यांचं म्हणशील तर त्यांचं तिसरंच. जानेवारीत आईला चाकांच्या खुर्चीत बसवून वाणसामानाच्या दुकानात नेलं. आईचं तुला माहीतच आहे, नोव्हेंबरात तो अर्धांगाचा झटका आल्यापासून इंग्रजी जे गेलं ते गेलं. (डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, मागाहून आलेला पाहुणा आधी उठतो.) तर रांगेत ती टोमॅटोकडे बोट दाखवून मोठमोठ्याने काहीतरी म्हणाली. मागे एक मोत्यांची माळ घातलेल्या बाई होत्या. त्या मला म्हणाल्या, 'या देशात राहायचं तर माणसाने इंग्रजी शिकावं, नाही का? तुम्ही मात्र छान शिकलात हो. अगदी कळत नाही.' मी म्हटलं, 'बाई, माझा जन्म इथल्या चौथ्या गल्लीतला.' त्यावर म्हणाल्या, 'तरीसुद्धा!' एवढ्यात दुधाचा कॅन घेऊन नॉर्मन उगवला आणि आईशी त्याच स्पॅनिशमध्ये टोमॅटोवर बोलायला लागला. लगेच बाईंचा चेहरा लोण्यासारखा वितळला. 'अय्या, किती हुशार! मलाही शिकायचंय कधीपासून!' म्हणजे बघ, एकच भाषा, एकच टोमॅटो. आई बोलली की अडाणीपणा, नॉर्मन बोलला की विद्वत्ता, आणि मी गप्प राहिलो की प्रगती. टोमॅटो नंतर नॉर्मननेच निवडले आणि मेले खरंच चांगले निघाले.

दुकानातलंही सांगून टाकतो. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक आत आलं की चार तरुण पोरांना ओलांडून थेट माझ्याकडे येतं, चेहरा बघून. परवा एक म्हातारबाबा आले, हातातली टोपी चुरगाळत म्हणाले, 'गातो' पाहिजे. आता गातो म्हणजे मांजर, एवढं मला येतं. मी अत्यंत आदबीने त्यांना बाहेर नेलं, हाताने मिशा काढून दाखवल्या, म्यांव केलं आणि दोन चौक पलीकडे प्राण्यांचं दुकान आहे तिथे पाठवलं. बाबा अर्ध्या तासाने परत आले ते लाल होऊन. त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर होतं आणि त्यांना जॅक हवा होता. जॅकलाही गातोच म्हणतात, हे मला कुणी सांगितलं? नॉर्मनने. खिळे घ्यायला आला होता. त्याच्याकडे त्याची चिठ्ठीसुद्धा होती.

तू आता हसत असशील. हस. पण ताई, खरं सांगू? मला नॉर्मनइतकाच तुझाही हेवा वाटतो. तुला आई आठ वर्षं स्पॅनिशमध्ये मिळाली. तुझी ती पहिलीतली गोष्ट, तू शाळेत लघवीला जाऊ का असं स्पॅनिशमध्ये विचारलंस, आणि बाईंनी फळ्यावर खडूने वर्तुळ काढून त्यात नाक टेकवून तुला उभं केलं, टाचा उचलून, ओल्या फ्रॉकनिशी. तू घरी आलीस, आईने तुझ्या नाकाची पांढरी टिकली पुसली. पुढच्या वर्षी मी जन्मलो, तोवर तिचा निश्चय झाला होता: या पोराच्या कानावर स्पॅनिश पडू द्यायचं नाही. रेडिओवरून शिकलेल्या इंग्रजीत तिने मला वाढवलं. ते इंग्रजी बिचारीच्या तोंडात नेहमी नव्या चपलेसारखं लागायचं. तुला ती रागावली की पूर्ण नाव घेऊन, संतांना साक्षी ठेवून, बारा वाक्यं रागावायची, आणि मला फक्त 'नो.' तिचं आणि बाबांचं सगळं गोड बोलणं झोपायच्या खोलीचं दार लावून व्हायचं. मी दाराला कान लावून जे वेचलं तेवढंच माझं स्पॅनिश: चार शिव्या, खाण्याचे पदार्थ आणि आजीच्या प्रार्थनेतले शब्द. मी तिला दोष देत नाही. तुझ्या नाकापायी केलं तिने. पण शिक्षा तुला एक दिवस झाली आणि मला सत्तावन्न वर्षं चालू आहे, हे एकदा कुणाला तरी सांगायचं होतं.

आता चार वाजताचं. रोज दुपारी चारला नॉर्मन गोड पावाची पुडी घेऊन येतो, पडवीत आईच्या खुर्चीजवळ बसतो आणि तासभर त्यांच्या गप्पा. मी स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारामागे राजम्याचं भांडं पाचव्यांदा घासत उभा. आई हात नाचवत सांगते, तो 'नाही हो! खरंच?' करतो. मी संध्याकाळी त्याला विचारलं, काय एवढं बोलता? तर डोकं खाजवत म्हणाला, 'भाषांतर करायला अवघड आहे, चेमो.' म्हणजे माझ्या आईचं बोलणं मला सांगायला या माणसाला अवघड! तेही चाललं असतं. पण फेब्रुवारीत एके दिवशी त्याने तिच्या पायांवर शाल घातली, आणि ती त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, 'मिहो.'

हो, मला माहीत आहे. मिहो म्हणजे माझ्या लेकरा, आणि आपल्याकडे बेकरीवाल्या बाई, बसचा ड्रायव्हर, सगळे सगळ्यांना मिहो म्हणतात, त्यात काय एवढं, असं तू म्हणणार. पण मला ती कधी नाही म्हणाली! मला म्हणायची 'सन', इंग्रजीत, शाळेत हजेरी घेतल्यासारखं. इतकी वर्षं तो शब्द तिने कुलपात ठेवला, आणि कुलूप निघालं तेव्हा दारात उभा कोण, तर नॉर्मन प्रुइट. माझ्या हातून बशी फुटली. (तुझ्या निळ्या संचातली होती. हेही या पत्रात कबूल करून टाकतो.)

त्याच दिवशी मी ठरवलं की आता दाखवायचंच. चर्चच्या आवारात ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी मांसाऐवजी मासे तळायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. ध्वनिक्षेपकावरून लोकांना बोलवायचं काम गेली दोन वर्षं नॉर्मनकडे, कारण तो दोन्ही भाषांत बोलतो. (तो बाप्टिस्ट आहे, पण मासा खायला धर्म बदलावा लागत नाही.) मी फादर मॅलकींना जाऊन सांगितलं की यंदा एका शुक्रवारी बोलावणं मी करणार, स्पॅनिशमध्ये, आणि रस्त्यावरचा फळाही मीच रंगवणार. फादर आयरिश, त्यांना स्पॅनिशमधलं 'छान' एवढंच येतं. ते म्हणाले, 'छान.' मग तीन आठवडे मी बाथरूमची तोटी सोडून भाषणाची तालीम केली. कोश आणला, एकेक शब्द त्यात तपासला. एकच शब्द तपासला नाही, मासा, कारण तो मला येत होता.

ताई, आपल्याकडे लहानपणी मासा गोठवलेल्या खोक्यातून यायचा आणि खोक्यावर इंग्रजी असायचं. त्यामुळे 'पेस्कादो' हा माशाचा खरा शब्द माझ्या कानावर नीटसा पडलेलाच नाही. पडला होता तो आजीच्या प्रार्थनेतला 'पेकादो'. एका 'स'चा तर फरक. मला वाटलं, आजी उपासाच्या दिवसांत हा शब्द छाती बडवून एवढा घोकते, म्हणजे मासाच असणार, म्हातारीला आवडत असेल. पेकादो म्हणजे पाप हे मला परवाच्या शुक्रवारी कळलं.

गुरुवारी दुपारी शिडीवर चढून मी हातभर अक्षरांत फळा रंगवला: 'शुक्रवारी येथे ताजे तळलेले पाप'. फादरनी अक्षराची तारीफ केली. शुक्रवारी सकाळपासून गाड्या फळ्यासमोर थांबून भोंगे वाजवायला लागल्या, लोक उतरून फळ्याशेजारी फोटो काढायला लागले. मी आतून हात हलवत होतो. मला वाटलं, बघा, लोकांना आपला माणूस किती हवा होता! त्या दिवशी रांग आवाराबाहेर जाऊन औषधाच्या दुकानाला वळसा घालून आली. आई पहिल्या टेबलाशी, निळा ब्लाऊज घालून, आणि शेजारी अर्थातच नॉर्मन, तिच्या गळ्याला रुमाल बांधत.

मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि सांगितलं ते असं: बंधूंनो आणि भगिनींनो, या, लाजू नका, गरमागरम पाप तयार आहे. पाप अगदी ताजं आहे, आज सकाळीच आणलंय. गेली अकरा वर्षं मी याच आवारात पाप करतोय. फादरना सगळं ठाऊक आहे, ते स्वतः दर शुक्रवारी दोनदा घेतात. म्हाताऱ्या माणसांना बिनकाट्याचं पाप मिळेल, मुलांना अर्धं. कुणाला घरी नेऊन सावकाश करायचं असेल तर डब्यात भरून देऊ. आणि शेवटी, मान वर करून, मुद्दाम नॉर्मनकडे बघत: पाप कसं करावं हे मी दुसऱ्या कुणाकडून नाही, माझ्या आईकडून शिकलो.

आधी फादर मॅलकी टाळ्या वाजवत होते, एकटेच. मग मागच्या टेबलावरून बेकरीवाल्या बाईंचा आवाज आला, 'मिहो, मला दोन दे, नवऱ्याला सांगू नकोस!' आणि एकच हशा उसळला. माणसं टेबलांवर डोकी टेकवून हसायला लागली. एका आजोबांची कवळी कोबीत पडली. कशाला हसतात ते मला कळेना. मी आपलं पुन्हा एकदा सावकाश, स्पष्ट, 'पेकादो' म्हटलं, म्हणजे उरलेसुरलेही गेले. नॉर्मनचं तोंड उघडंच होतं, तो आईच्या कानाशी वाकून म्हणाला, 'पेकादो?'

आणि ताई, आई हसली. नोव्हेंबरापासून तिचा चेहरा एका बाजूने झोपलेला होता, तो दोन्ही बाजूंनी हसला. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने तो डावा हात, चमच्याच्या वर न जाणारा, टेबलावरून चांगला वीतभर उचलला आणि म्हणाली, 'पेस्कादो, मिहो. स म्हण. स!'

सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. माझ्या दुसऱ्या हातातला चिमटा कढईत पडला आणि मी तळलेल्या माशांसमोर ढसाढसा रडलो, लोकांना वाटलं कांदा. पण घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. ती कुणाला म्हणाली? चुकलो मी होतो, हे खरं. पण तिच्या कानाशी 'पेकादो' म्हणाला होता नॉर्मन. ती बघत होती आमच्या दोघांच्या मधे कुठेतरी, तिचा डावा डोळा तुला माहीतच आहे. नॉर्मनला विचारलं तर तो म्हणाला, 'अर्थात तुला, चेमो.' पण तो भला माणूस आहे, भली माणसं अशा वेळी खोटं बोलतात. आईला विचारायचं तर ते स्पॅनिशमध्ये विचारावं लागेल, आणि त्या प्रश्नात किती ठिकाणी 'स' आहे कोण जाणे. असो. फळा अजून तसाच आहे, फादर म्हणतात ईस्टरपर्यंत राहू दे, गर्दी होते.

भावोजींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद, गुडघ्यांना जप.

तुझा, निवडुंगासकट,
चेमो

ता.क. पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं. येत्या रविवारी फोन आला की आईला सहज विचारल्यासारखं विचार, त्या शुक्रवारी मिहो कुणाला म्हणालीस. ती माझं नाव घेईल तर तसं लिही. नॉर्मनचं घेईल तर तरीही माझंच लिही. मात्र उत्तर स्पॅनिशमध्ये लिहू नकोस, नाहीतर वाचायला मला त्याच्याकडेच जावं लागेल.

आणखी ता.क. आज सकाळी ह्यूस्टनला मुलीकडे निघताना नॉर्मनने शेवटी सांगितलं, रोज चार ते पाच आई काय बोलते ते. म्हणे, चेमोच्या राजम्याला मीठ जास्त, शर्टाची बटणं लावत नाही, आणि कुंपणाशी उभा राहून फार वेळ विचार करतो, लहानपणी करायचा तसाच. तासभर रोज हेच. त्याला मला सांगायला संकोच वाटत होता. तर ताई, रविवारी फोनवर आईचं झालं की मला अर्धा तास शिकवशील का? मला फक्त राजम्यापुरतं हवंय, मिठाबद्दल तिच्याशी भांडता येईल इतपत. नॉर्मनला कळू देऊ नकोस, तो लगेच चिठ्ठ्या घेऊन येईल.

शेवटचं ता.क. पाकीट चिकटवतच होतो. चार वाजलेत. पडवीतून आई हाक मारतेय, 'मिहो!' मोठ्याने, दोनदा. नॉर्मन तर रविवारपर्यंत यायचा नाही, पण तिला ते कळलंय की नाही कोण जाणे, चारची वेळ त्याची. आता तिसऱ्यांदा मारली. तू रविवारी काही विचारू नकोस, ताई. हाक कुणाचीही असो, ओ मी देतो.